पेटीवरचा वेंडेल

“मग काय वेंडेलकाका, सोमवारपासून अर्धी बंदूक एतेल्काची म्हणे?” गाश्पारने कांद्याची चकती सुरीच्या टोकावर धरून विचारलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले.

वेंडेल हसला नाही. पावावरच्या खारवलेल्या चरबीवर त्याने लाल तिखट भुरभुरलं. जरा जास्तच पडलं.

“बंदूक काय पाव आहे, अर्धी करायला?” तो म्हणाला.

“अहो, अर्धी नको, आळीपाळीने!” एतेल्का दारातूनच ओरडली. सेगेद शहरात जाऊन ती बंदूक चालवायची परीक्षा पास होऊन आली होती, आणि त्या आनंदात तिने खसखशीचे रोल भाजून आणले होते. “घ्या काका, पहिला तुम्ही. तुमचंच बघूनबघून शिकले मी.”

“मला गोड चालत नाही.”

खरं तर वेंडेलला गोडाचं वेड होतं. पण तो रोल घशाखाली उतरला नसता.

गावाबाहेरच्या त्या लहानशा कत्तलखान्यात वेंडेल पेटीवर होता. जनावर बोळातून चालत लोखंडी पेटीत यायचं, मागचं दार पडायचं, आणि वेंडेल त्याच्या कपाळावर बंदूक टेकवायचा. गोळी नसते त्या बंदुकीत. पोलादी दांडा सुटतो, कवटीत जातो आणि परत येतो. जागा नेमकी साधली तर जनावराला काही कळायच्या आत त्याची शुद्ध जाते, आणि मग साखळी, मग सुरी. नाही साधली तर पुढचं सगळं त्याला कळत असतं. म्हणून पेटीवर कोण उभा आहे याला महत्त्व. वेंडेलला दुसरा बार लागत नाही, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. वेंडेल हे गुराख्यांच्या संताचं नाव. मुलाला ते देणाऱ्या आईने याची कल्पना केली नसणार. “संत गुरं राखायचा, तू वर पोहोचवतोस,” असं त्याची बायको चिडवायची, आणि त्यालाही ते आवडायचं.

मग एतेल्का आली. नवरा गेलेली, तिशीतली, तोंडाची फटकळ. तिला गोठ्यातून गुरं आणायचं काम दिलं. आधी तिथे आरडाओरडा चालायचा, विजेची काठी चालायची. ही नुसती जनावराच्या खांद्याशी येऊन उभी राहायची, एक पाऊल टाकायची, आणि गुरं देवळात निघाल्यासारखी बोळात शिरायची. पशुवैद्य शारोशीबाई येताजाता तिचं नाव घ्यायच्या. पूर्वी पाहुणे आले की बाई त्यांना पेटीपाशी आणत. आता बोळापाशी नेत.

तेही त्याने गिळलं असतं. पण एकदा गाश्पार सहज बोलून गेला, “हिने आणलेलं जनावर कोणीही पाडेल.” ते वाक्य वेंडेलच्या छातीत रुतलं. कारण एतेल्का आल्यापासून गुरं पेटीत मान न झटकता उभी राहत होती, हात पूर्वीसारखा ताणावा लागत नव्हता, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? आपलं कसब मोठं की तिची चाल, हा प्रश्न त्याला घरी जेवतानासुद्धा सोडेना. आणि आता ती बंदुकीपर्यंत पोचली होती.

न्याहारी आटोपून सगळे हात धुवायला गेले तेव्हा वेंडेल बोळाच्या वळणावर आला. बाहेर माळावरचा वारा सुटला होता. त्याने अंगातला पिवळा रेनकोट काढला आणि कठड्यावर टाकला. बाही फडफडायला लागली. फार काही नाही, त्याने मनाशी म्हटलं, गुरं अडतील, एतेल्का बाईसाहेब घामाघूम होतील, विजेची काठी उचलतील आणि शारोशीबाई ते बघतील. बस, एवढंच.

पहिलाच खोंड वळणावर थबकला. पेटीपाशी उभ्या वेंडेलला तो दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. खूर मागे सरकले, कठड्याला धडक बसली.

“थांबा! कोणी हात लावू नका!” एतेल्काचा आवाज.

“अगं, सगळं काम अडलंय!” हा गाश्पार. “सरक बाजूला!”

विजेच्या काठीचा तडतडाट झाला. खोंड घसरला, उठला, आणि पेटीत आला तो डोळे पांढरे करून, तोंडाला फेस आणून. दार पडलं. त्याने मान वर फेकली, खाली आपटली, पुन्हा फेकली. वेंडेलने थांबायला हवं होतं. पण शारोशीबाई बघत होत्या. त्याने हात लांबवला आणि बार काढला.

खोंड गुडघ्यांवर आला. आणि ओरडला. मग पुढचे पाय टेकून उठायला लागला.

बाजूच्या खुंटीवर दुसरी बंदूक भरून ठेवलेली असते. इतक्या वर्षांत ती त्याने फक्त पुसली होती. ती त्याने आता ओढली आणि टेकवली. खोंड पडला. मधला वेळ किती होता कोण जाणे, पण तेवढ्यात त्या जनावराने वेंडेलकडे पाहिलं होतं.

एतेल्का आत आली, हातात पिवळा कोट.

“हा कुणाचा ते विचारत नाही मी,” ती म्हणाली. “कठड्यावर साधी टोपी राहिली तरी गुरं अडतात, हे पहिल्या दिवशी मला कोणी शिकवलं? बोला की, काका!”

“वारा आहे आज,” गाश्पार सारवासारव करायला लागला. “उडून आला असेल कुठून तरी.”

गाश्पारने वेंडेलला सुटायची वाट करून दिली होती. मान हलवली की झालं. त्याने खोंडाच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे दोन खुणा होत्या.

“मी टाकला,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

“माझ्यावर राग होता ना?” एतेल्काचा आवाज फाटला. “मग मला दोन शिव्या द्यायच्या होत्या! त्याचं काय चुकलं होतं?”

शारोशीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. “वेंडेल, बंदूक द्या तिच्याकडे. गोठ्यात बाकीची उभी आहेत. ती तुम्ही आणायची.”

“बाई, आज नको,” एतेल्काच म्हणाली. “माझाही नेम लागायचा नाही.”

“तू शांत हो, मग सुरू करू.”

वेंडेलने बंदूक दिली. देताना तिचा मनगटात अडकवायचा पट्टा एतेल्काच्या मापाचा आखूड करून दिला, तिचे हात लहान होते.

गोठ्यात तो कधी येतच नसे. गुरांची फक्त कपाळं त्याच्या ओळखीची. इथे त्यांच्या पाठी होत्या, शेपट्या होत्या, रवंथ चालू होतं. एका तांबूस कालवडीने त्याची बाही हुंगली. तो तिच्या खांद्याशी उभा राहिला, एतेल्का राहायची तसा, आणि त्याने एक पाऊल टाकलं. कालवड निघाली. मोकळ्या वळणावरून ती सरळ गेली, त्याच्या पुढे, मान खाली घालून. पेटीचं दार पडलं.

वेंडेल कठडा धरून उभा राहिला. आतून बार ऐकू आला.

दुसरा बार ऐकू यावा म्हणून त्याने कान दिला. तो कान देऊन उभा आहे हे कळल्यावर त्याला स्वतःची किळस आली, तरी तो हलला नाही. दुसरा बार झालाच नाही. साखळी वर जाऊ लागली.