बोरिंगचं पाणी उत्तम

मंजूषा भोपाळच्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायक होती. पण गेले आठ महिने ती नुसती निरोप पोचवत होती. पाण्यावरच्या संयुक्त प्रकल्पाच्या फलकावर भूजलतज्ज्ञ उदय सर आणि समाजशास्त्रज्ञ विनिता मॅडम यांची नावं शेजारी शेजारी होती. ते दोघं मात्र एकमेकांशी बोलत नसत.

सरांनी शहरातल्या बाग सेवनिया भागातल्या एका कॉलनीचं बोरिंगचं पाणी तपासलं. खतात असतं ते आणि तान्ह्या बाळांना घातक असलेलं नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट निघालं. मॅडमनी त्याच कॉलनीतली पन्नास घरं पालथी घातली. बेचाळीस घरं म्हणाली, बोरिंगचं पाणी उत्तम.

अहवाल एकच द्यायचा, म्हणून शेवटी दोघं एका टेबलाशी बसले.

"लोक अडाणी आहेत, असं लिहा," सर म्हणाले.

"पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान तुमच्या बाटलीत मावत नाही, असं लिहा," मॅडम म्हणाल्या.

"कसल्या पिढ्या? कॉलनी बारा वर्षांची आहे!"

मंजूषानं भीत भीत विचारलं, "पण ते पाणी लोक पितात का?"

दोघंही आपापले कागद चाळू लागले. सरांना वाटलं होतं, मॅडमनी विचारलं असेल. मॅडमना वाटलं होतं, ते सरांचं काम.

दुसऱ्या दिवशी मंजूषाच कॉलनीत गेली. पहिल्या घरी मूळच्या नागपूरच्या इंदुमती काकू भेटल्या.

"पिते कोण? प्यायला नळाला नर्मदेचं येते ना! बोरिंगचं झाडांना. हे गुलाब पाहा, खत घालावंच लागत नाही."

"मग त्या मॅडमना उत्तम का म्हणालात?"

"त्यांनी विचारलं पाणी कसं आहे. झाडांना उत्तमच आहे की!"

घरोघरी हेच उत्तर मिळालं. परतताना फाटकावरचा चौकीदार दिलीप बोरिंगच्या नळाखाली घागर भरताना दिसला. तो राहायचा त्या केबिनला दुसरा नळच नव्हता. तो, त्याची बायको आणि तान्ही मुलगी हेच पाणी पीत होती. केबिन घरात मोडत नसल्यानं त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मंजूषानं हे सांगितलं, तेव्हा आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"एका कुटुंबावरून काय सिद्ध होतं?" सर म्हणाले.

"नमुन्यात बसतही नाही," मॅडम म्हणाल्या. मुदतवाढीचा अर्ज मात्र दोघांनी मिळून लिहिला.

मंजूषानं बाहेर येऊन काकूंना फोन केला. बाळाचं ऐकून काकू एकदम गंभीर झाल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी प्लंबर बोलावून आपल्या नळाचा फाटा केबिनपर्यंत नेला.

अर्ज अजून विचाराधीन आहे.