पाणी उतरलं आणि मी तडकलो

मी कालव्याकाठचा पब बोलतोय. जरा हळूच बोलतो, राग मानू नका. माझ्या मागच्या भिंतीला तडा गेलाय आणि त्यावर इंजिनियरनं काचेची पट्टी चिकटवलीय. भिंत हलली की काच फुटणार, आणि काच फुटली की मला पाडणार. उद्या सकाळी दहाला तो बघायला येतोय. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय.

कालवा खणताना निघालेल्या मातीच्याच विटा भाजून मला बांधलं, त्याला दोनशे वर्षं झाली. पुढचं दार रस्त्यावर, मागची भिंत थेट पाण्यात. कोळशाच्या नावा ओढणारे घोडे माझ्या तबेल्यात मुक्कामाला असायचे. कोपऱ्यावरच्या लोखंडी पट्टीत त्यांच्या दोरांनी बोटभर खाचा पाडल्यात. कारखान्यातले लोहार इथं बिअरचे मग आदळत भांडले आणि त्याच मगांवर त्यांची दिलजमाईही झाली. माणसांची मोठी गंमत आहे. घरी जायचं म्हणून उठतात आणि दारात उभे राहून आणखी तासभर बोलतात.

पण एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते. माझ्या दारावर पाटी होती, 'नाववाल्यांना आत मनाई'. ज्यांच्या जिवावर गावातल्या भट्ट्या पेटायच्या, त्यांचेच कपडे काळे म्हणून त्यांना आत घ्यायचं नाही! त्यांनी मागच्या खिडकीशी नाव लावायची आणि बिअर तिथूनच घ्यायची. केझाया नावाची एक नाववाली भर पावसात, हातातलं रिकामं भांडं पुढे करून ताटकळत उभी असायची. आत शेकोटी पेटलेली असायची. मी सगळं बघत होतो.

पुढे मालाच्या नावा बंद पडल्या, पाटीही निघाली. केझायाचा मुलगा ईनॉक आता ऐंशीचा आहे आणि जन्मला त्याच नावेत एकटा राहतो. मालकीण ग्लेनिस वीस वर्षं त्याला रोज म्हणतेय, "काका, आत या की! शेकोटी पेटवलीय."

"मला इथंच बरंय," तो खिडकीतून बिअरचा मग घेत म्हणतो. "आईची जागा आहे ही."

गेल्या महिन्यात कालव्याचे दरवाजे दुरुस्त करायला सगळं पाणी काढलं. ईनॉकची नाव खिडकीखाली चिखलात टेकली. ग्लेनिसला मात्र कोण आनंद! "दोनशे वर्षांची ओल जाईल एकदाची," म्हणत तिनं भिंतीशी दोन हीटर लावले. चौथ्या दिवशी कट्‌कन आवाज झाला आणि मी तडकलो. इंजिनियर काच चिकटवून म्हणाला, "पाणी परत भरलं की येतो. फुटलेली दिसली तर पाडण्यावाचून इलाज नाही."

ग्लेनिसनं हे खिडकीशी सांगितलं तेव्हा ईनॉक उखडलाच.

"हीटर? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? भिंत उभीय चिकणमातीवर. ती सुकली की आकसते. सगळा जन्म कालव्याकाठी गेला आणि एवढं कळू नये? बंद कर आधी ते!"

"मग करू काय?" ती रडकुंडीला आली. "पाणी आणू कुठून?"

"नळाला काय धाड भरलीय? बादल्या आण!"

त्या संध्याकाळपासून गिऱ्हाइकांनी रांग लावून खिडकीतून बादल्या द्यायच्या आणि ईनॉकनं गुडघाभर चिखलात उभं राहून माझ्या पायथ्याशी पाणी मुरवायचं, वर ओली पोती टाकायची. पोस्टमन ऑस्विन कुरकुरला, "बिअर प्यायला आलो आणि पाणक्या झालो!"

"आजवर प्यायलास तेवढी ओतली असतीस, तर कालवा केव्हाच भरला असता," ईनॉक म्हणाला.

असे नऊ दिवस. रोज कुठं बारीक कुरकुर झाली तरी मला वाटायचं, फुटली काच.

आज दुपारी पाणी सोडलं. नाव हळूहळू उचलली गेली. माझ्यावर भार आला तसा मी करकरलो.

"काच बघ, ग्लेनिस!" ईनॉक बाहेरून ओरडला.

"माझा धीर होत नाही, काका. तुम्हीच या."

तो किनाऱ्यावर उतरला, वळसा घालून पुढच्या दाराशी आला. उंबऱ्याशी चिखलाचे बूट काढले. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग पाय आत टाकला. ऐंशी वर्षांत पहिल्यांदा. तो नुसत्या मोज्यांवर मागच्या भिंतीपर्यंत आला, काच निरखली, आणि तड्यावर हात टेकवला.

"अखंड आहे," तो म्हणाला. मग हळूच, मला एकट्याला, "घाबरू नकोस रे."

मला म्हणाला! त्याच्या आईला पावसात उभं करणाऱ्या मला.

उद्याचं काय होईल, मला ठाऊक नाही. भीती अजून गेलेली नाही. ग्लेनिस, इंजिनियर यायच्या आधी तू भिंत पुसायला फडकं घेशील, तुझी सवय मला माहीत आहे. काय हवं ते पूस, बाई. पण त्या तड्यावर ईनॉकच्या चिखलाच्या हाताचा ठसा उमटलाय, तेवढा राहू दे.