उलट्या बाजूची फ्लॉपी

आमच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नाही, पण फ्लॉपी ड्राइव्हला आहे. दिवाणावर ड्राइव्ह, टीव्हीखाली ड्राइव्ह, आणि परवा तर मसाल्याच्या कपाटात, हळदीच्या डब्यामागं एक निघाला. "अहो, हे काय?" म्हटलं, तर म्हणतात, "तिथं ओल नसते, राहू दे." माझ्या तिखटाला बुरशी आली तरी चालेल, यांच्या ड्राइव्हला सर्दी नाही झाली पाहिजे!

हे म्हणजे आमचे श्यामसुंदरराव. फॅक्टरीतून रिटायर झाले, आणि लोक देवधर्माला लागतात तसे हे फ्लॉपीला लागले. पेन ड्राइव्ह यायच्या आधी कॉम्प्युटरातलं सगळं ज्या काळ्या, चौकोनी, पातळ पाकिटात साठवायचे ना, ती फ्लॉपी. जबलपुरात कोणाच्या माळ्यावर ती सापडली की आलीच आमच्याकडे. हे तिची कॉपी काढून देतात, फुकट, आणि वर चहा मी करते. एका डॉक्टरचे वारलेले पेशंट काढून दिले, एका वकिलाची मिटलेली भांडणं काढून दिली. शहपुऱ्याचा एक व्यापारी नुसता मशीन पाहायला आला आणि जेवून गेला. पेपरात फोटो छापून आला, "जबलपुर के फ्लॉपी बाबा". तेव्हापासून चालतात कसे ते पाहा.

मला याचं काही नव्हतं. पण माझीही एक फ्लॉपी होती, आणि तिच्यासाठी या फ्लॉपी बाबांना वेळ नव्हता.

लग्नाआधी मी राइट टाउनमध्ये एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. स्कूटरवर जायची, पगार घ्यायची, रुबाब होता माझा. तिथं मी एक प्रोग्राम लिहिला होता, आपल्या मराठी पोरांना पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या, दीडचे पाढे शिकवणारा. उत्तर बरोबर आलं की पडद्यावर "शाबास" उमटायचं, मराठीत! तेव्हा कॉम्प्युटरला मराठी कुठं येत होती? एकेक अक्षर मी चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यानं काढलं होतं. आयुष्यात मी एकटीनं, कोणी न सांगता केलेली ती एक गोष्ट. बाकी सगळं, पोळ्यांपासून पोरीच्या लग्नापर्यंत, कोणाच्या ना कोणाच्या सांगण्यावरून केलं.

घरात कोणाचा विश्वास असेल तर शपथ. आमची प्रणाली स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर, ती म्हणते, "मम्मी, तू टायपिंग शिकवत होतीस ना?" आणि यांनी एकदा ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली, पाहिली, आणि फार प्रेमानं मला समजावलं, "राधा, यात कोणाचं तरी पगारपत्रक आहे. तुझं काही नाही. होतं असं, वय झालं की."

वय झालं म्हणे! कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस हा.

"अहो, माझं उलट्या बाजूला आहे," मी म्हटलं. इन्स्टिट्यूटचे सर बायकांना कोरी फ्लॉपी देत नव्हते. म्हणून मी त्यांच्याच पगाराच्या फ्लॉपीच्या कडेला कात्रीनं खाच पाडली, ती उलटी करून घातली आणि मागच्या बाजूवर माझं काम लिहिलं. तेव्हाच्या त्या मशीनला उलटी चालायची. आम्ही सगळ्याच असं करायचो.

"काहून सांगितलं नाही आधी?"

"सांगितलं होतं. तुम्ही ड्राइव्हशी बोलून राहिले होते."

आता यांनी फ्लॉपी उलटी करून घातली, तर ड्राइव्ह मुका. मग मला अर्धा तास शिकवणी. फ्लॉपीत मधल्या मोठ्या भोकाच्या बाजूला एक बारीक भोक असतं, म्हणे. तबकडी फिरते, भोकातून उजेड पडतो, आणि ड्राइव्हला कळतं की एक फेरा झाला. फ्लॉपी उलटी घातली की भोक जातं दुसऱ्या बाजूला, उजेड काही पडत नाही, आणि ड्राइव्ह वाट पाहत बसतो. "तर आपण याला एक सेन्सर लावू," हे म्हणाले. "खाली चाक फिरतं, त्याला पांढरी पट्टी मारू. पट्टी समोरून गेली की सेन्सर ड्राइव्हला सांगेल, हे बघ, भोक आलं!"

"म्हणजे खोटी साक्ष," मी म्हटलं.

"इंजिनिअरिंग!" हे म्हणाले.

बस, अंगात आलं! माझ्या प्रोग्रामसाठी नव्हे हो, सेन्सरसाठी. इंटरनेटवर जगभरच्या असल्याच रिकामटेकड्यांचा एक अड्डा आहे. तिथं यांनी रोज फोटो टाकायचे, चाकाचा, पट्टीचा, डाग दिलेल्या तारेचा. जर्मनीतून कोणी, ब्राझीलमधून कोणी, वाहवा, वाहवा. फ्लॉपीत काय आहे असं एकानंही विचारलं नाही. इकडं मला एकच घोर. फ्लॉपी जुनी, तिच्यावरची काळी पूड झडली तर? मग मी जन्मभर खोटीच ठरणार आणि हे प्रणालीच्या लेकरांना सांगणार, "आजीला वाटायचं की तिनं काहीतरी केलं होतं."

सेन्सर झाला नेमका खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा. पूर्वी यांचे पाने-पेंचिस पाटावर मांडायचे, यंदा ड्राइव्ह मांडला, खालचं चाक वर करून. हळद, कुंकू, झेंडू. हात जोडून असे उभे, की मलाच वाटलं आता आरतीचं तबक घेऊन धावावं लागेल.

दसऱ्याला फ्लॉपी घातली. ड्राइव्ह जो किंचाळायला लागला, थांबेचना! आधी मुका होता तोच बरा होता. पडद्यावर सगळा कचरा. यांनी पट्टी बदलली, तार बदलली, सेन्सर बदलला, शेवटी माझ्यावर आले, "तुझी फ्लॉपीच खराब आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

परदेशात मात्र मोठी चर्चा. आलेख काय, आकडे काय. सेन्सर एका फेऱ्यात दोनदा "भोक आलं" ओरडतो आहे, हे नक्की झालं. काहून, ते कोणाला सुचेना. शेवटी सायंकाळी फिनलंडच्या एका गृहस्थानं फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "चाकावर तो लाल ठिपका कसला?"

यांनी लिहिलं, "ते पवित्र चूर्ण आहे."

उत्तर आलं, "पुसून पाहा."

श्यामसुंदररावांनी काळ्या चाकावर मनोभावे जे कुंकवाचं बोट टेकवलं होतं, त्यालाच सेन्सर दुसरी पट्टी समजून राहिला होता! आणि हे पुसायला तयार नाहीत. "पूजेचं आहे, आज कसं पुसू?" मी पदर ओला केला आणि पुसून टाकलं. देवाला समजतं सगळं.

प्रणाली सणाला आलेलीच होती. आम्ही तिघं टेबलाभोवती. फ्लॉपी उलटी आत गेली. ड्राइव्हनं घर्र केलं, थांबला, मग सुरळीत टकटक टकटक. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी. पडद्यावर एकेक चौकोन हिरवा होत गेला. यांनी त्या कॉपीवरून प्रोग्राम चालू केला.

"सतरा दिडके?" पडद्यावर उमटलं. माझी अक्षरं! "रा"चा काना जरा वाकडा होता, तो तसाच वाकडा.

यांनी ऐटीत चोवीस टाकलं.

"पुन्हा पाठ करा," कॉम्प्युटर म्हणाला.

"मम्मी!" प्रणाली ओरडली. "हे तू... यार, ये तो एकेक डॉट हातानं काढला आहे! हे कोणी करत नाही!" मला रडू फुटलं. लपवलं नाही मी, खुशाल रडले. साडेपंचवीस, मी म्हटलं, साडेपंचवीस टाक. तिनं टाकलं. "शाबास." आणि त्याच्याखाली, एका चौकटीत, रचनाकाराचं नाव आलं.

कु. शर्मिला.

हे चष्मा वर करून वाचत राहिले. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काय ती दया! "बघ," म्हणाले, "मी सांगत नव्हतो? हा तर कोणा शर्मिलाचा आहे. तुझ्यासोबत शिकवत असेल. तू पाहिला असशील तिला करताना, म्हणून तुला वाटत राहिलं." आणि माझ्या काही लक्षात यायच्या आत हे अड्ड्यावर टाइप करू लागले, जबलपूरच्या कोणी शर्मिला, फार हुशार बाई, माहिती असल्यास कळवावे.

माझं रडू जागच्या जागी थांबलं.

"अहो," मी म्हटलं. "लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. तुम्ही अंगठीनं त्यात माझं नवीन नाव लिहिलं, आठवते? सासूबाई म्हणाल्या होत्या, श्यामसुंदरची बायको म्हणजे राधाच पाहिजे. सगळे हसले. तुम्हीही हसले. त्या दिवशी सकाळपर्यंत माझं नाव काय होतं?"

यांची बोटं कळफलकावर तशीच राहिली. प्रणाली एकदा माझ्याकडे पाही, एकदा पडद्याकडे. "पप्पा," ती हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," हे म्हणाले. "म्हणजे... होतं."

मी तिथून निघाले. भांडले नाही. भांडायला समोर माणूस लागतो, तिथं नुसता एक फ्लॉपी बाबा बसला होता, तोंड उघडं ठेवून.

दुसऱ्या दिवशी यांनी अड्ड्यावर खुलासा टाकला, शर्मिला म्हणजे माझी पत्नी. फिनलंडच्या गृहस्थाचं उत्तर आलं, अभिनंदन, सापडल्या म्हणायच्या. ते यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा, आणि मग खाली मान घालून तारा गुंडाळत बसले. हे वाईट माणूस नाहीत. काही बिघडलं की दुरुस्त करायला धावतात, तेवढंच येतं त्यांना.

सायंकाळी मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. बाहेरून यांचा आवाज आला, "शर्मिला!" मग जरा थांबून पुन्हा, जास्त मोठ्यानं, "शर्मिला, चहा ठेवतेस का?"

मी कणकेचे हात तसेच पदराला पुसले आणि बाहेर आले, कोण बाई आली आहे ते पाहायला.