हवा बघायचा कंदील

अड्याळचा गोमाजी विहिरीत उतरायच्या आधी काय करतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आधी तो काठावर उकिडवा बसायचा, कंदील पेटवायचा, धोतराच्या सोग्यानं काच पुसायचा आणि दोराला बांधून हळूहळू खाली सोडायचा. तळाशी ज्योत नीट जळत राहिली तर हवा चांगली. मिणमिणली तर थांबायचं. विझली तर मग खुद्द मालकानं पाय धरले तरी गोमाजी त्या दिवशी उतरायचा नाही. कोणी घाई केली की म्हणायचा, "विहीर कोठी पळून नाई चालली बापा. जीव मात्र पळते." लोक हसायचे, त्याला भित्रा म्हणायचे. पण इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालचा एकही माणूस खाली गुदमरून मेला नव्हता, हेही तेच लोक सांगायचे.

घरची थोडी धानाची शेती होती. ती आटोपली की उन्हाळाभर आसपासच्या विहिरींचा गाळ काढायचं काम चालायचं. एकुलता एक मुलगा इश्वर लहानपणापासून बापाबरोबर काठावर उभा असायचा. कंदील कितपत खाली सोडायचा, किती वेळ थांबायचं, वर ओढून काच हुंगून कशी बघायची, सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बापलेकांचं जास्त बोलणं व्हायचं नाही. जे काही व्हायचं, ते ह्या दोराच्या दोन टोकांना उभं राहूनच.

अठ्ठ्याहत्तर साली एका ठेकेदाराचा मुकादम गावात आला. गुजरातेत जमिनीला खोल भोकं पाडून तेल काढतात, तिथं मजूर पाहिजेत म्हणाला. दोराची अन् गाळाची सवय असलेली पोरं असतील तर आधी. इश्वर निघाला, त्याचा दोस्त टेकचंद निघाला. गोमाजी त्यांना मोटारीत बसवून द्यायला गेला. मोटार सुरू झाली तेव्हा खिडकीची सळई धरून त्यानं पोराला एवढंच सांगितलं, "कोठीबी खाली उतराचं काम पडलं तं आधी कंदील सोडजो. कोणी कितीबी हासो."

"हो बाबा," इश्वर म्हणाला.

दिवाळीला तो एकदा घरी आला. डोळे लाल, हातांची कातडी फाटलेली, आणि बोलता बोलता खोकला. भोक पाडताना आत जो चिखल सोडतात त्यात कसली कसली औषधं कालवलेली असतात, तो चिखल हातांनी उपसावा लागतो, असं त्यानं सांगितलं. कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि डोकं ठणकतं. काळं पाणी शेजारच्या शेतात सोडून देतात; ते पिऊन एका माणसाची म्हैस मेली, त्याला कोणी विचारलंही नाही. दूर एका लोखंडी नळीच्या तोंडाशी मोठी आग मात्र रात्रंदिवस जळत असते, ती कधी विझत नाही. इश्वरची आई गोदावरीबाई ऐकत होती. तिला त्या आगीचं, म्हशीचं काही घेणंदेणं नव्हतं. तिनं पोराचे हात बघितले आणि म्हणाली, "कायले जातं गा परत? येथी काय उपाशी मरून राहिलो का आपण?" इश्वर हसला. म्हणाला, "येवढा उन्हाळा काढतो माय, मंग येतो."

तो उन्हाळा त्याला बघायला मिळाला नाही. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं तेव्हा तार आली, आणि तारेमागून मुकादम इश्वरची पत्र्याची पेटी घेऊन आला. आग लागली होती. इश्वर आणि रमण नावाचा तिकडचाच एक मजूर, दोघंही गेले. देह आणण्यासारखे राहिले नव्हते, तिकडंच सगळं उरकलं. टेकचंद दवाखान्यात होता. अंगणात माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मुकादम म्हणाला, "आता मेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं! पण साहेबांनी चौकशी केली. पोरानं बिडी पेटवली. बिडी ओढू नका म्हणून हा एवढा मोठा फलक लावलेला आहे तिथं." आणि त्यानं दोन्ही हात पसरून फलक केवढा ते दाखवलं. त्या मेल्या मुकादमाला चहा पाजून गावानं पाठवलं, याचा राग आजही येतो.

गोदावरीबाईला बिडीच्या वासाचंही वावडं होतं. इश्वर ओढत नसे, असं तिला वाटत होतं. पण परमुलखात गेलेल्या पोराचं आईला काय कळतं? तेरवीच्या दिवशी पान वाढलं. मेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं त्या पानाशी ठेवायची रीत आहे. वडे ठेवले, खीर ठेवली. तेवढ्यात इश्वरच्या मामानं, श्यामरावानं, खिशातून बिडीचा कट्टा काढला आणि पानाशेजारी ठेवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. भाच्याला आवडत होती म्हणतात, मग उपाशी का ठेवावं, एवढंच. गोमाजीनं तो उचलायला हात पुढं केला. गोदावरीबाई म्हणाली, "राहू द्या. ओढत होता तं ओढत होता." आणि ती आत निघून गेली. गोमाजीला ते शब्द फार लागले.

त्यानंतर ती नीट रडलीही नाही. पोटचं पोर गेल्यावर बाईनं ऊर बडवून रडावं, तर हिला रडायचीच लाज वाटायची. विहिरीवर बाया सांत्वन करायला लागल्या की म्हणायची, "माह्याचं जाऊ द्या वो. त्या दुसऱ्या बाईचा पोरगा काय करत होता? त्याले माह्या पोरानं नेलं. एका बिडीसाठी." बाया गप्प व्हायच्या आणि घागरी उचलून चालू लागायच्या.

होळी झाल्यावर टेकचंद परतला. गोमाजी तेव्हा केशवरावांच्या शेतातली विहीर बघायला गेला होता. बांधावरून टेकचंद येताना दिसला. दोन्ही हातांची बोटं आखडलेली, गळ्यापासून कानापर्यंत कातडी गुलाबी. तो आला आणि गोमाजीजवळ खाली बसला.

"काका," तो म्हणाला, "इश्वरनं बिडी नाई ओढली."

टेकचंद सांगत गेला. भोक पाडायच्या यंत्राच्या मोठ्या लोखंडी सांगाड्याखाली, भोकाच्या तोंडाशी, एक चौकोनी खड्डा असतो. माणूस पुरता बुडेल एवढा. त्यात चिखल साचतो, तो मजुरांनी उपसायचा. त्या दिवशी सकाळी रमण खाली उतरला आणि उतरल्या उतरल्या आडवा झाला. वरून हाका मारल्या, उठला नाही. साहेब लोक दुसऱ्या ठिकाणी गेले होते. मुकादम ओरडत होता, उतरा कोणीतरी, उतरा. एक जण उतरायला लागला, त्याला इश्वरनं दंडाला धरून मागं ओढलं.

"म्हणे, असं नाई उतराचं. आधी हवा पाहू. धावत झोपडीवर गेला. मीबी संग गेलो. कंदील पेटवला, दोर घेतला. आमाले वाटलं, तिथं तं दिवसरात आग जळून राहिली, कंदिलाचं काय? फलकावर बिडी लिहिलं होतं काका. कंदील कोणी सांगतलाच नाई. हवा जळते हे कोणी सांगतलंच नाई."

"मंग?" गोमाजी म्हणाला.

"तो काठावर बसला. काच पुसली. मी मांगं दोर धरून होतो. कंदील थोडाच खाली गेला, अन्..." टेकचंदनं आखडलेली बोटं तोंडाशी नेली. "मले दवाखान्यात मुकादम येऊन सांगून गेला. बिडीच म्हण. कंदील म्हणशील तं दोर तुह्या हातात होता, तूबी सापडशील."

गोमाजी विहिरीच्या काठाकडं बघत राहिला. आधी त्याला संतापच आला. शिकलेली माणसं, एवढी यंत्रं, एवढा पैसा. आणि ज्या पोरांना त्या खड्ड्यात उतरवता त्यांना दोन शब्द सांगायला जीभ झडली होती का? खाली गुदमरवणारी हवा असते, तशी पेटणारीही असते, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण हा संताप फार वेळ टिकला नाही. कारण त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं आणि ते त्याला कोणावर टाकता येत नव्हतं. काच पुसली, टेकचंद म्हणाला होता. काच पुसायला पोराला कोणी शिकवलं होतं?

"घरी सांगू नको," तो टेकचंदला म्हणाला. "मी सांगन."

पण त्यानं सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचा, आणि गोदावरीबाई समोर आली की दोर खांद्यावर टाकून बाहेर पडायचा. पोराच्या नावावरचा डाग पुसायचा तर तो स्वतःच्या हातानं स्वतःच्या कपाळी लावायचा होता. तिनं आधीच पोर गमावलं होतं, आता नवराही पोराचा मारेकरी ठरला तर ती कोणाच्या घरात राहणार? असं तो स्वतःला समजवायचा. खरं तर तो भ्याला होता. ज्या माणसाला सगळ्या गावानं भित्रा म्हटलं तरी कधी वाईट वाटलं नाही, तो आता आपल्याच बायकोच्या तोंडाकडं बघायला भीत होता.

एक दिवस दुपारी तो जेवायला बसला होता. गोदावरीबाईनं भात वाढला आणि समोर बसून म्हणाली, "अजी, टेकचंदले त्या रमणचं गाव माहीत असन ना?"

"काहून?"

"त्याच्या मायजवळ जाऊन येते म्हणते. श्यामराव संग येतो म्हणाला. तिचे पाय धरते. माह्या पोरानं तुहं पोर मारलं, माफ कर, म्हणते. त्याबिगर मले इश्वरचं नावच घेता येऊन नाई राहिलं."

गोमाजीचा घास हातातच राहिला. ही बाई रेल्वेत एकदाही बसली नव्हती. ती आता मुलूख ओलांडून जाणार, परक्या बाईच्या पायावर डोकं ठेवणार, आणि पोरानं न केलेल्या गोष्टीची माफी मागणार. त्यानं घास ताटात ठेवला. हात धुतला.

"त्यानं बिडी नाई ओढली," तो म्हणाला. आणि मग थांबला नाही. रमणचं आडवं होणं, मुकादमाचं ओरडणं, त्या दुसऱ्याला दंडाला धरून मागं ओढणं, झोपडीपर्यंतची धाव, कंदील, दोर, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "म्याच शिकवलं होतं त्याले. मोटारीत बसवतानाबी तेच सांगतलं. तिथली हवा येगळी हे मले माहीत नव्हतं. म्या मारलं तुह्या पोराले."

ताटातला भात निवला. अंगणात कोंबड्या चुरलेल्या धानाचे उरलेसुरले दाणे टिपत होत्या. गोदावरीबाईनं एकदाच विचारलं, "म्हणजे तो त्या पोराले काढाले गेला होता?"

"हो."

मग ती रडली. तेरवीला रडायचं राहिलं होतं, ते सगळं रडली. भिंतीला डोकं टेकून, तोंडावर पदर न घेता, इश्वरचं नाव घेऊन घेऊन रडली. गोमाजी तिच्याजवळ गेला नाही. आपल्याला तो हक्क राहिला नाही, असं त्याला वाटत होतं.

रडणं ओसरल्यावर तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी एकट्यानं नाई सांगतलं. मीबी मोटारीपाशी सांगतलं होतं त्याले. बाबाचं सांगणं मोडू नको, म्हणलं होतं."

गोमाजीनं मान वर केली. इश्वर निघाला त्या दिवशी गोदावरीबाई गावात नव्हती. तिची आई आजारी होती म्हणून ती आदल्या आठवड्यापासून माहेरी, कारध्याला, होती. पोराला मोटारीत बसवायला तो एकटाच गेला होता, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ताटाभोवती सांडलेली शितं एकेक करून वेचत होती.

त्याला नाही म्हणता आलं असतं.

"हो," तो म्हणाला. "तूबी सांगतलं होतं."