मागचे दहा फूट

पावलाला पाऊल जोडत कॉनी मागच्या कुंपणापासून निघाली आणि पाचव्या पावलालाच चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर येऊन अडली. पाचव्या! सतरा पावलं जायला हवी होती. आपलंच मोजायचं चुकलं असेल म्हणून ती पुन्हा कुंपणाला टाच लावून उभी राहिली, गाऊन जरा वर धरला आणि मोठ्याने आकडे म्हणत निघाली. पुन्हा पाचच.

उत्तनमधलं त्यांचं कौलारू घर मागच्याच आठवड्यात पाडलं होतं. कौलं, वासे, विटा उचलून झाल्यावर जागा सपाट केली होती, आणि आज सकाळपासून शिवा गवंडी खुंट्या ठोकत, दोऱ्या ताणत, दोरीवरून चुन्याची फक्की सोडत होता. कागदावरचं घर जमिनीवर खऱ्या मापाने आखायचं काम. उद्या सातला खोदाई, नऊला फादर येऊन पायाच्या दगडावर पवित्र पाणी शिंपडणार. म्हणजे जे काही बोलायचं ते आजच. एकदा चर खोदले की या रेघेची भिंत होणार, आणि भिंतीशी कोण भांडत बसतं?

"शिवा, ही रेघ कसली?"

"किचनची मागची भिंत, आंटी."

"आन माझं अंगण?"

शिवाने कुंपण आणि रेघ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीकडे हात केला. "हे काय."

हे काय! त्या पट्टीत बोंबील राहू द्या, बोंबील सुकवणारी बाई आडवी झाली असती तरी तिला पाय दुमडून घ्यावे लागले असते. गेली तीस वर्षं कॉनीच्या मागल्या अंगणात दोन वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यावर ताणलेल्या दोऱ्यांच्या ओळी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. पावसाळा संपला की सुरू, ते थेट मे महिन्यापर्यंत. भाईंदरच्या बाजारात गिऱ्हाईक यायचं ते 'कॉनीचे बोंबील आहेत का' असं नाव घेऊनच. घरात नवऱ्याचा, बेनेडिक्टचा शब्द चालायचा, होडीवर तर चालायचाच. पण मागल्या दाराबाहेर पाऊल टाकलं की कॉनीचं राज्य. तिथे तिला कुणी काही विचारत नसे आणि तीही कुणाला विचारत नसे. घर पाडायच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच वलांड्या उपटल्या होत्या. तेव्हा बेनेडिक्ट म्हणाला होता, "थोडे म्हयने कळ काढ, घर झाला की परत उभ्या करू." काय गोड बोलला होता!

आणि प्लॅन तर तिनेच पसंत केला होता. मे महिन्यात नीलेश नावाचा ड्राफ्ट्समन भाईंदरहून तीन प्लॅन घेऊन आला. एकात हॉल मोठा होता, तिसऱ्यात जिना घरातून होता. मुलगा इव्हान आणि सून ॲलिसन दोघं टेबलावर वाकून खोल्यांची मापं वाचत बसले. कॉनीने तिन्ही कागदांना एकच प्रश्न केला, "मागला दार कुठं हाय?" दुसऱ्या कागदात स्वयंपाकघराला मागे दार होतं आणि दाराबाहेर चौदा फूट मोकळे सोडले होते. तिने त्यावर बोट ठेवलं. "कॉनी बोलली म्हणजे तोच," बेनेडिक्ट म्हणाला. इव्हानने टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या गोष्टीत तिचं बोट चाललं होतं. मग काय, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, डॉक्टरच्या रांगेत, जिथे जाईल तिथे ती सांगत सुटली, "प्लॅन मी पसंत केलाय." ऐकणाऱ्या बायकांना हेवा वाटायचा. आता त्याच बायका कुंपणापलीकडून जाताना थांबून बघत होत्या, आणि कॉनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात ॲलिसन गवंड्यांसाठी चहाचा थर्मास घेऊन आली. बिचारीचं नशीबच खोटं. ॲलिसन मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या फ्लॅटात वाढलेली. लग्नानंतर पहिले सहा महिने ती मागल्या दाराकडे नाकाला रुमाल लावून जायची. कॉनी ते विसरली नव्हती. असल्या गोष्टी सासवा विसरत नसतात.

"तुला वास येत व्हता ना? झाला आता तुझ्या मनासारखा? नवऱ्याला सांगून माझं अंगण गिळलंस, आन मना चहा पाजायला आली?"

ॲलिसनला आधी काही समजेना. तिने रेघ बघितली, कुंपण बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मम्मी, मी नाय काय केलं. इव्हानने पण नाय. मी नीलेशला फोन लावते, तुम्ही त्यालाच विचारा." थर्मास विटांच्या ढिगावर ठेवून तिने तिथूनच मोबाइल लावला.

अर्ध्या तासाने नीलेश स्कूटरवरून आला. कागदाची गुंडाळी काखेत, कपाळावर घाम.

"आंटी, मंजुरी तुमच्याच प्लॅनला मिळालीय," तो म्हणाला. "पण नंतर तुमच्या घरूनच बदल आला ना. घर दहा फूट मागे सरकवा म्हणून. आता मंजूर एक असतं आणि बांधताना थोडं पुढे-मागे करतातच सगळे."

"करतातच सगळे! मना कोनी विचारला?"

"मला वाटलं, घरात बोलणं झालं असेल."

"बदल कोनी सांगितला, ते बोल."

नीलेशने गुंडाळी उघडली. कागदाच्या कोपऱ्यात सही होती. वळणदार, शेवटी लांब शेपूट सोडलेली, होडीच्या कागदांवर असते तशीच. बेनेडिक्टची. खाली तारीख सप्टेंबरची. म्हणजे दोन महिने! दोन महिने हा माणूस तिच्या हातचं कालवण ओरपत होता, रविवारी चर्चमध्ये मिसाला तिच्या शेजारी बसत होता, आणि तोंडाला कुलूप लावून होता. सुनेवर उगाच तोंड टाकल्याची लाज कॉनीला वाटली, पण रागापुढे लाजेला बसायला जागा नव्हती.

बेनेडिक्ट बंदरावरून आला तो लांबूनच सगळा प्रकार समजून चुकला. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी केला," तो म्हणाला. "तुझे गुडघे बघ. डॉक्टर काय बोलला? तीस वरसं केलंस. आता बस की जरा आरामात."

"आराम मी मागितला तुझ्याकडं?"

"आन अगदीच हौस असली तर गच्चीवर सुकव. गच्ची चांगली ऐसपैस ठेवलीय."

"गुडघे दुखतात म्हणून अंगण काढलंस," कॉनी म्हणाली, "आन आता टोपली डोक्यावर घेऊन गच्चीवर चढू?"

शिवाने पटकन तोंड फिरवलं. नीलेश कागदाची गुंडाळी घट्ट करत बसला. बेनेडिक्टने पुन्हा टोपी काढली, आणि तोवर कॉनीच्या डोक्यात दुसराच प्रश्न उभा राहिला. घर तर वाढलेलं नाही. खोल्या तेवढ्याच, मापं तीच. मग मागचे दहा फूट गेले कुठे? ती रेघा ओलांडत पुढे निघाली. किचन, पॅसेज, हॉल, पुढचं दार. आणि दाराबाहेर, जिथे तिच्या प्लॅनमध्ये नुसत्या तीन पायऱ्या होत्या, तिथे फक्कीचा भला मोठा चौकोन.

"आन हा काय?"

"ओटा, आंटी," शिवा खाली बघत म्हणाला. "दहा फुटी. वर पत्रा येणार. जाळी शिवायला आणि बसायला, अंकल बोलले."

कॉनीने तो चौकोन चारी बाजूंनी पावलांनी मोजला. बेनेडिक्टने पाऊल मागे घेतलं.

"माझ्या कामाला आराम, आन तुझ्या कामाला ओटा?" ती ओरडली. "तुझी जाळी जाळी, आन माझे बोंबील घाण? तुझे दोस्त येऊन बसतील, बिड्या ओढतील, पत्ते कुटतील, त्यासाठी माझं अंगण कापलंस! आन वर माझ्या गुडघ्यांचा नाव करतोस? एवढा सांगून कापला असतास तरी भांडले असते आन गप बसले असते. पन चोरून?"

"कॉनी, लोक बघतात. घरी जाऊन बोलू."

"घर? कुठाय घर? हाच ना? मग इथंच बोलते!"

बेनेडिक्ट वाईट माणूस नव्हता. त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, दारू पिऊन धिंगाणा घातला नाही, आणि गावात सगळे त्याला सज्जन म्हणत. सज्जन माणसांचं हेच अवघड असतं. आपण चुकू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तो कॉनीशी न बोलता शिवाशी बोलला. "सही झालीय. उद्या फादर येणार. काम थांबणार न्हाय. चालू ठेव." आणि निघून गेला. पाठ ताठ, टोपी सरळ.

कॉनी विटांच्या ढिगावर बसली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

"चुकले मी," ती ॲलिसनला म्हणाली. "तुला नको ते बोलले."

"मी पप्पांना बोलले होते, मम्मीला विचारा म्हणून."

"मग मना का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही दोघं मिळून माझ्यावरच ओरडला असता," ॲलिसन म्हणाली. ते इतकं खरं होतं की कॉनीला त्या रागातही हसू आलं. मग ती उठली आणि सुनेला म्हणाली, "सकाळी लवकर उठशील? हात लागेल तुझा."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच दोघी बंदरावर गेल्या. शेजारच्या अनसूयाच्या नवऱ्याची होडी नुकतीच लागली होती. कॉनीने चार टोपल्या ताजे बोंबील घेतले. शेजारच्या पडवीत ठेवलेले बांबू दोघींनी ओढून आणले. सिल्व्हर पार्कच्या मुलीने उभ्या आयुष्यात बांबू रोवला नव्हता. तिने रोवलेला पहिला बांबू आडवाच झाला आणि दुसरा तिच्या पायावर पडला. पण सातला खोदणारे आले तेव्हा दोन्ही वलांड्या उभ्या होत्या, ओळीने बोंबील लोंबत होते, आणि हे सगळं मागे नाही, पुढे. बरोब्बर ओट्याच्या चौकोनात.

खोदणारे फावडी टेकवून उभे राहिले. साडेआठला नीलेश आला आणि स्कूटरवरून उतरायचंच विसरला. पावणेनऊला बेनेडिक्ट इव्हानला घेऊन आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"हा काय तमाशा?"

"तमाशा कसला? ओटा हाय तुझा," कॉनी हात न थांबवता म्हणाली. "मागं जागा न्हाय ठेवलीस, मग इथं सुकवीन. रोज. गुडघ्यांना पन बरा, चढायला नको. तू बस ना खाली, शिव जाळी. दोस्तांना पन बसव."

बेनेडिक्ट तावातावाने वलांडीखाली शिरला आणि बोंबलांचं पाणी टपटप त्याच्या इस्त्रीवर पडलं. इव्हान पुढे होणार होता, पण ॲलिसनने त्याचा दंड धरला. एवढ्यात फादर आले. ते उत्तनचेच, त्यांना बोंबलांचं काय नवल? मान वाकवून ते ओळीखालून पलीकडे गेले आणि सरळपणे विचारलं, "बेनेडिक्ट, दगड कुठे ठेवायचा?"

बेनेडिक्टने बायकोकडे बघितलं. ती शेवटच्या टोपलीतली जोडी जबड्यात जबडा घालून अडकवत होती, आणि ही बाई हे रोज करणार, ख्रिसमसला करणार, नातवाच्या बाप्तिस्म्यालाही करणार, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला पटलं असं कुणी समजू नये. त्याला ते झेपणार नव्हतं, एवढंच.

"शिवा," तो म्हणाला, "पूस ती रेघ."

"कुठली, अंकल?"

"सगळ्या. दहा फूट पुढं घे."

फादर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून तासभर बसले. खुंट्या उपटल्या, पुन्हा ठोकल्या. बेनेडिक्टने स्वतः दोरीचं एक टोक धरलं, पण तोंड फुगवूनच. कॉनी मागच्या कुंपणाला टाच लावून निघाली आणि सतरा पावलं सतरा वेळा मोजावीत तशी सावकाश मोजली. सतराव्या पावलाला रेघ होती. तरीही तिचा राग उतरला नव्हता. जागा मिळाली होती. पण जी जागा तिचीच होती ती परत मिळवायला चार टोपल्या बोंबील आणि गावासमोर तमाशा लागावा, याचाच तिला आता जास्त संताप येत होता.

"नीलेश, तो कागद काढ," ती म्हणाली. "पहिला बदल लिहिलास तसा हा पन लिही. घर परत पुढं आला म्हणून."

नीलेशने स्कूटरच्या सीटवर कागद पसरून लिहिलं, खाली तारीख घातली आणि पेन पुढे केलं. बेनेडिक्टने सवयीने हात लांब केला. त्याच्या बोटांआधी कॉनीने पेन घेतलं.

"आंटी," नीलेश चाचरत म्हणाला, "इथे घरमालकाची सही लागते."

"तीच करते," कॉनी म्हणाली, आणि बोंबलाच्या ओल्या हाताने, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिलं.