बाजाराच्या दिवसाचा उंचवटा

शाल्मलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मी फोनवर अडखळतो, म्हणून माझी ही पुतणी कागदावर लिहिते. ती नागपूरला वीजवाहिन्यांच्या संशोधनात आहे. सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, लांब वाहिन्यांत नको तो प्रवाह शिरतो आणि मोठे ट्रान्सफॉर्मर तापतात. ते वेळेवर कळावं म्हणून ठिकठिकाणी चुंबकत्व मोजणारी यंत्रं पुरली आहेत. त्यातलं एक दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतात, फाट्यालगत आहे.

तिनं लिहिलं होतं, "काका, दर बाजाराच्या दिवशी सकाळी तुमच्याच यंत्राच्या आलेखावर एक उंचवटा येतो. बाकीची केंद्रं शांत असतात. कारण सापडलं नाही, तर यंत्र दुसरीकडे हलवतील."

यंत्र तपासायच्या निमित्तानं ती अधूनमधून येते, मुक्काम करते, पुस्तकांवर बोलते. यंत्र गेलं की तेही जाणार होतं.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. यंत्रापाशी वाचत बसायची लोखंडी खुर्ची घरात आणली, छत्री नेणं बंद केलं. पण मी बसायचो संध्याकाळी, आणि उंचवटा होता सकाळचा.

मग पत्रासोबतचे आलेख पुन्हा पाहिले. उंचवटा एकदम चढायचा, सपाट राहायचा, एकदम उतरायचा. कापूस वेचणीच्या आठवड्यांत तो लांबलचक, दिवाळीच्या तोंडावर अगदी आखूड. सूर्याला आमची वेचणी ठाऊक नसावी. उकंडाच्या काळीपिवळीला मात्र होती. बाजाराच्या दिवशी त्याची ती जीप यंत्राशेजारच्या कडुनिंबाखाली उभी राहते आणि सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही. वेचणीत सगळे शेतात असतात, सवाऱ्या मिळत नाहीत. दिवाळीत लोक मागं लटकून जातात.

कारण सापडलं, तरी उत्तर लिहिता येईना. आधी उकंडाला गाडी हलवायला सांगणं भाग होतं, आणि मी तर एसटीतही कुणाला सरका म्हणत नाही. असे काही बाजार गेले. शेवटी एकदा गेलो.

"उकंडा, गाडी तिकडे शाळेपाशी लावशील का? हिच्या लोखंडाचा यंत्राला त्रास होतो."

"लोखंड कुठी हाय हिच्यात, काकाजी? गंज हाय नुसता."

"तरी त्याला ती दिसते."

"आरटीओले दिसत नाही, अन् त्याले दिसते?"

आत बसलेल्या बाया हसल्या. मी मागे वळलो.

"अजी थांबा ना. एवढंच होतं, तं आधी काहून नाही बोलले? सावली तिकडबी हाय."

गाडी शाळेपाशी गेली. मी घरी येऊन लिहिलं, "बहुधा जीप असावी. आजपासून ती दूर उभी राहील. वेचणीचे आणि दिवाळीचे आलेख शेजारी ठेवून पाहा. माझी चूकही असू शकेल." 'बहुधा' खोडलं, पुन्हा लिहिलं.

पाकीट घेऊन फाट्यावर आलो, तर तिकडे शाळेपाशी काळीपिवळी अजून उभीच होती.

"एका सवारीसाठी थांबून राह्यलो," उकंडा म्हणाला. "बसा."

मी बसलो. दारव्ह्याला उतरून बाजाराच्या गर्दीतून पोस्टापर्यंत गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.