मागे फिरलेला रंग

तिने डिश तिरपी धरली आणि जुनं पोषकद्रव बारीक नळीने ओढून घेतलं. तळाला चिकटलेल्या पेशींना नळीचं टोक लागता कामा नये. बारा वर्षांत ते दोनदाच लागलं होतं, आणि दोन्ही दिवशी तिला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं. नवं द्रव तिने कडेने सोडलं, झाकण लावलं आणि डिश पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली. पेशींनी रंग धरला होता. कडक कॉफीचा, एकसारखा, कुठे डाग नाही.

अकरा वाजता ती डिश पेटीत घालून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेली. त्या पेशींचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आज पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसणार होता. सहकाऱ्यांनी एकमेकांचे हात दाबले. तिनेही दाबले, आणि मग हातमोजे टाकायला म्हणून ती बराच वेळ कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहिली.

या सगळ्याची सुरुवात एका ठिपक्यापासून झालेली. मुलासाठी उपचार घेणाऱ्या कुणा जोडप्याने वापरायचा राहून गेलेला गर्भ प्रयोगशाळेला दिला होता. पाच दिवसांचा, सुईच्या टोकाएवढा. त्यातल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात, म्हणून त्या काहीही होऊ शकतात. हाड, हृदय, किंवा डोळ्याच्या पडद्यामागचा तो तपकिरी थर, जो झिजला की दृष्टी जाते. फक्त त्यांना रोज खायला घालावं लागतं. रविवार असो, अंगात ताप असो, त्यांना सुट्टी कळत नाही.

घरी आप्पा वाट बघत असणार. एक्केचाळीस वर्षं त्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढली. नुसत्या वासावरून रंग उकळला की नाही सांगणारे वडील, आणि डोळ्यांनीच दगा दिला. कडेकडेचं धूसर दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. लेकीला बघायचं असलं की ते तिच्या कानापलीकडे बघत. “तुझं तोंड एकदा सरळ बघायचंय, चिमे,” म्हणत. ती बेचाळीस वर्षांची होती, पण आप्पांसाठी अजून चिमीच.

प्रयोगात त्यांचं नाव होतं. एक डिश तिने मनोमन त्यांची ठरवली होती आणि रोज संध्याकाळी तिचा रंग ती त्यांना सांगायची. मग चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आतला व्रण फार जुना आहे, बघणाऱ्या पेशीच मेल्या आहेत, त्यामागचा थर बदलून काही व्हायचं नाही. नाव कमी झालं. ती डिश चाचण्यांत संपून गेली. आज सांगू, उद्या सांगू करत तिने दुसऱ्याच डिशचा रंग सांगायला सुरुवात केली. आज मात्र सांगणं भागच होतं.

आप्पा टेबलाशी मटार सोलत बसले होते. दाणे एका वाडग्यात, सालं दुसऱ्यात, एकही चूक नाही.

“गेली का डिश?”

“गेली.” तिने पिशवी खाली ठेवली. “आप्पा, तुमचा नंबर...”

“नंबर राहू दे. कुणाला मिळाली?”

ती खुर्ची ओढून बसली.

“एका बाईंना. शाळेत भूगोल शिकवायच्या.”

“बरं झालं. नकाशात फार बारीक अक्षरं असतात.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझे केस काय उन्हाने पांढरे झाले?” त्यांनी एक शेंग फोडली. “सोमवारी म्हणालीस, कडक कॉफीसारखा झालाय. बुधवारी म्हणालीस, मधासारखा. अगं, चढता रंग दोन दिवसांत मागे फिरत नाही. म्हटलं, ही दुसरी डिश. आपली गेली.”

“चार महिने झाले त्याला.”

“झाले असतील.”

“मग रोज विचारत का होतात?”

आप्पांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. दुसरी किडकी निघाली, ती त्यांनी बोटांनीच ओळखून बाजूला टाकली.

“तुझी आई गेल्यापासून तू घरी येऊन ‘जेवलात का’ याच्यापुढे बोलत नव्हतीस. रंगाचं विचारलं की अर्धा-पाऊण तास बोलायचीस. म्हटलं, खोटं का असेना, बोलते तरी.”

तिला इतके दिवस वाटत होतं, आपण यांना सावरतोय.

“मी सांगायला हवं होतं,” ती म्हणाली.

“हवं होतं. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यात तुझा काय दोष? औषध उशिरा निघालं, मी लवकर म्हातारा झालो.” ते हसले, पण हसू पुरलं नाही. त्यांनी पुढची शेंग उचलली. “उद्या रविवार ना?”

“हो.”

“तरी जाशीलच. कुणाच्या घरचं राहून गेलेलं लेकरू आहे ते, उपाशी ठेवू नकोस. आणि त्या बाईंची पट्टी काढली की विचार, पहिल्यांदा काय दिसलं. मला येऊन सांग.”

“सांगेन.”

“खरं सांग.”

तिने मान हलवली, आणि ती त्यांना दिसली नसणार म्हणून “हो” म्हणाली. आवाज धड निघाला नाही. आप्पांचे हात थांबले. त्यांनी मान जराशी वळवली आणि तिच्या कानापलीकडे बघू लागले.

ती हलली नाही. दिव्याचा उजेड तोंडावर येत होता. जेवढं दिसेल तेवढं दिसू दे म्हणून तिने डोळेही पुसले नाहीत.